पलीकडे फुलणारी वेल

"मूळ माझ्या अंगणात, पाणी मी घालायचं, आणि फोटो हिचा!" थोरलीने दातांनी दोरा तोडला. मशीनवर कुणाचा तरी झगा अर्धवट पडला होता.

दोघी जावांच्या अंगणांमध्ये एक भिंत. वेल थोरलीकडे रुजली आणि भिंत ओलांडून धाकटीकडे फुलली. जांभळी फुलं पहाटे उमलायची, उन्हं चढली की माना टाकायची. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या थोरलीला त्यात सगळा अन्यायच दिसायचा. खपायचं आपण, मिरवायचं हिने.

वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बाई येऊन फुलांपाशी धाकटीचा फोटो काढून गेल्या होत्या. अशी वेल आता कुठे फारशी उरली नाही, म्हणाल्या. हात थरथर कापण्याच्या रोगावर तिच्या बियांतून औषध निघू शकेल. खात्री नाही, वर्षं लागतील. पण आधी पिकलेलं बी हवं.

धाकटीचे हात कापायचे. पूर्वी ती थोरलीकडे काजं-बटणं करायची. पुढे टाके वाकडे पडू लागले, तेव्हा थोरलीने गिऱ्हाइकांसमोर तिच्या हातातली सुई काढून घेतली होती.

"ताई, वेलीला जपा हं," भिंतीपलीकडून धाकटी म्हणाली. "माझं काय, झालं आता. पण आजीला हेच, आईला हेच. उद्या माझ्या पोरीला..."

"जपते की. माझ्याच तर जिवावर वाढलीय."

त्याच दुपारी थोरलीने माती उकरली, कापड बेतायच्या कात्रीने मूळ तोडलं आणि माती सारखी केली. जिवाला कसं गार वाटलं. रोज सकाळी सगळ्यांदेखत ती तिथे पाणी ओतत राहिली.

पानं सुकू लागली. ऊन लागलं असेल म्हणून धाकटीने वर चादर बांधायला घेतली. गाठ बसेना, तशी थोरलीलाच हाक मारली. थोरलीने पक्की गाठ मारून दिली.

बोंडं फोडली, तर आत नुसता भुसा.

"माझ्याच हाताला यश नाही, ताई," धाकटी म्हणाली. ते खरं मानूनच ती पुढे वारली.

पोरगी थोरलीकडे आली. थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिने तिला पोटाशी धरलं, वाढवलं, शिवण शिकवलं. पोरीचा हात आईसारखाच हलका होता. थोरली गिऱ्हाइकांना तिची काजं कौतुकाने दाखवायची.

एका सकाळी पोरगी बराच वेळ खिडकीपाशी सुई धरून बसली होती.

"मोठी आई, दोरा ओवून दे ना गं. आज जमतच नाहीये."

थोरलीने सुई घेतली, दोरा ओवला आणि तिच्या हातात न देता स्वतःच बटण लावायला बसली.