गच्चीवरचं मिठागर

"अवो, नका तुडवू! माती हाय ती माजी, तुमचा आगर नाय!"

भामा जिन्यातूनच ओरडली. नवऱ्याच्या, भगवानच्या कानावर ते पडलं, पण आत काही पोचलं नाही. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून म्हातारा गच्चीवर पसरलेली माती पायांनी दाबत होता. नळाची नळीही त्यानं त्यात सोडून ठेवली होती. चिखल नुसता!

वांग्या-मिरच्यांचा हंगाम सरला की भामा झाडांची सगळी पिंपं गच्चीवर उलटी करायची. मुळं वेचायची, मातीला ऊन खाऊ द्यायची, शेणखत नि निंबोळी पेंड कालवून पुन्हा भरायची. दरवर्षी नवी माती विकत आणणाऱ्या खारघरच्या जावेला ती हसायची. "माती काय टाकायची वस्तू हाय? दमते बिचारी. निजवायची, खायला घालायचं, की उठते." नातीच्या बारशापासून तीच माती चालली होती.

भगवानचा जन्म मिठागरात गेला. वाफ्याचा तळ पायांनी असाच दाबायचा, मग पाणी घ्यायचं, ही त्याची विद्या. मिठागरावर भराव पडला, इमारती उठल्या. आता त्याला लेकाचं नाव आठवत नव्हतं, मिठागर मात्र आठवत होतं.

भामा माती मोकळी करायला गेली तर तो अंगावर धावून आला. राहू दे म्हणाली. पाणी आटलं, आणि तो कडेला उकिडवा बसून मिठाची वाट बघू लागला. नळाच्या गोड्या पाण्यातून मीठ यायचं कुठून, कपाळ! ताट पुढे केलं की ढकलायचा.

"पीक आलं नाय नि जेवू? लाज नाय वाटत तुला?"

दोन दिवस पोटात अन्न नाही. लेक दीपेश वर आला.

"आई, हे घरी नाही जमणार. अशा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात बोलून ठेवलंय. उद्या नेतो बाबांना."

"परक्याच्या हातचं खातील ते? येडा झालास?"

"तुझ्या हातचं तरी कुठे खातायत?"

 

दुपारी म्हाताऱ्याचा बसल्या जागी डोळा लागला. भामा खाली जाऊन जाड्या मिठाची बरणी घेऊन आली. झाकण काढलं आणि हात अडला. नातीनं एकदा खेळता खेळता कुंडीत मीठ टाकलं होतं, तेव्हा हिनंच तिला फटका दिला होता. मिठानं माती मरते, हे आगरातल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही.

"बाय माजे, माफ कर," ती मातीला म्हणाली आणि मूठ मूठ मीठ फेकत गेली, पार कोपऱ्यापर्यंत.

"भामे! पिकलं गं!"

म्हातारा उठून उभा राहिला होता. उन्हात सगळी माती चकाकत होती. त्यानं दोन खडे उचलले, तिच्या तळहातावर ठेवले.

"चाख. कसं हाय?"

तिनं मातीसकट जिभेवर ठेवलं.

"चांगलं हाय. आता जेवाल?"

"वाढ."

तिनं भात कालवला. कठड्यावर दुधाच्या पिशव्यांत वांग्याची रोपं लावणीला आली होती. त्यांच्याकडे पाठ करून ती बसली आणि त्याला घास भरवू लागली.