आहुपे गाडीचा सत्कार

तीन चाळीसला बाविसावा सत्कार सुरू झाला आणि आरतीनं घड्याळ बघायचं सोडून साळुबाईंच्या तोंडाकडे बघितलं. तिथंही तीन चाळीसच वाजले होते.

साळुबाई असवले दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, चपला पायात, पदर खोचलेला. आहुप्याला जाणारी शेवटची एसटी साडेचारला सुटायची. ती चुकली तर रात्र मंचरात काढायची, आणि घरी म्हैस व्यायला झालेली. गोठ्याला दार नव्हतं. बिबट्याला ही गोष्ट ठाऊक होती. गेल्या आठवड्यात दोनदा येऊन तो खात्री करून गेला होता.

"बाई, चारच्या आत मोकळं करीन म्हनला व्हता तुमी."

"करणार, मावशी. आता फक्त सत्कार उरलेत."

हे वाक्य आरतीला स्वतःला दीड तासापूर्वी ऐकवलं गेलं होतं, आणि तेव्हा तिला धीरही आला होता.

आरती मूळची लोणीची, पण गेली सहा वर्षं आहुप्याच्या शाळेवर. तिथल्या देवराईत राहणाऱ्या एका खाष्ट शेकरूची गोष्ट तिनं मुलांसाठी लिहिली. चित्रं साळुबाईंची. आधी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली, मग आरतीनं हातापाया पडल्यावर कार्डशीटवर. त्यातलं शेकरू चिडलं की हुबेहूब आरतीबाईंसारखं दिसतं, यावर अख्ख्या शाळेचं एकमत होतं. पुस्तक छापून आलं तेव्हा आरतीचं नाव ठळक होतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चित्रे : एक ग्रामस्थ'. छापणाऱ्याला फोनवर नाव कळलं नव्हतं, आणि आरतीनं घाईत प्रूफ न बघताच हो म्हटलं होतं. साळुबाईंना वाचता येत नव्हतं, पण नातवाला येत होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्यो ग्रामस्थ कोन?" त्या दिवसापासून आरतीची झोप उडाली होती.

त्यावर आता एकच उतारा होता, उगमबाई मुथा बालसाहित्य पुरस्कार. जुन्नर-आंबेगावातल्या मुलांच्या पुस्तकांसाठी कापडाचे व्यापारी धरमचंद मुथा यांनी तो आईच्या नावानं ठेवला होता. यंदा चित्रांसाठी साळुबाई पहिल्या आल्या होत्या. पुरस्काराचं पुस्तक शेठ नव्यानं छापून दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शाळांना द्यायचे, आणि चित्रकाराचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. फक्त नियम कडक होता. नाव पुकारलं तेव्हा जो हजर असेल त्यालाच पुरस्कार, नसला तर दुसऱ्या क्रमांकाला. कारण गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या वतीनं त्याचा मेव्हणा येऊन पुरस्कार घेऊन गेला, आणि नंतर कळलं की विजेत्याला मेव्हणाच नाही.

हॉल शेठच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली शालींचं गोडाऊन. त्यामुळे शाली संपतील ही आशा आरतीनं दोन वाजताच सोडली होती. आईच्या कार्यक्रमातून कुणी मोकळ्या खांद्यानं जाता कामा नये, असा शेठचा हट्ट. मंडपवाल्याचा सत्कार झाला, माईकवाल्याचा झाला. अकराव्या नंबरला एक कुरिअरवाला पाकिटावर सही घ्यायला आला होता, त्यालाही शाल-श्रीफळ मिळालं. प्रत्येकानं मग दोन शब्द बोलायचे. कुरिअरवाला मुलांच्या वाचनावर बारा मिनिटं बोलला. वाईट याचं की चांगलं बोलला. बोलून झालं की माणूस शालीची घडी काखेत मारून घरी जायचा, म्हणून दोनला गच्च भरलेला हॉल आता जत्रेनंतरच्या मैदानासारखा दिसत होता.

आरती स्टेजच्या पायरीशी गेली. शेठचा मुलगा कल्पेश जोधपुरी कोटात घामाघूम होऊन सूत्रसंचालन करत होता.

"कल्पेश, मावशींचं नाव आधी घे ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, मी घेतलं असतं हो. पण पत्रिकेत छापलंय, आधी सत्कार, मग पुरस्कार. पप्पांनी ती पत्रिका देवापुढे ठेवून आणलीय."

"किती राहिले?"

"नऊ. तुम्ही दार लावून घेतलंत तर नऊच राहतील."

मग आरती थेट शेठकडे गेली. "मुथाशेठ, मावशींची गाडी..."

शेठनी तिला बघून हात जोडले. "अरे, मॅडमचा सत्कार राहिलाच की! कल्पेश, नाव घे."

त्यात सात मिनिटं गेली. आरतीनं आपल्या दोन शब्दांत फक्त एसटीची वेळ सांगितली. टाळ्या पडल्या.

ती परत आली तेव्हा साळुबाईंच्या शेजारी प्रतिभाताई येऊन बसल्या होत्या. या दुसऱ्या क्रमांकाच्या. जुन्नरहून स्वतःच्या गाडीनं आल्या होत्या. त्यांच्या पुस्तकातल्या सगळ्या सशांना इस्त्रीच्या पँटी होत्या.

"मावशी, किती अवघडून बसलात हो! निघा तुम्ही खुशाल. पुरस्काराचं काय, दर वर्षी असतो."

"तुमाला म्हस हाय का?" साळुबाईंनी विचारलं.

"नाही हो."

"मंग गप ऱ्हावा." आणि आरतीकडे वळून, "चार पंचवीसला मी उठनार. नाव वाचलं तर वाचलं."

चार वाजून आठ मिनिटांनी पाच सत्कार उरले होते. तेवढ्यात दोन पाहुणे लग्नासाठी हॉल रिकामा आहे का ते विचारायला आले. सात झाले.

आरती जिना उतरली आणि स्टँडकडे पळत सुटली.

आहुपे गाडीचे ड्रायव्हर सावळेराम टपरीवर चहा पीत उभे होते. शेजारी कंडक्टर.

"भाऊ, गाडी दहा मिनिटं थांबवता का?"

"बाई, गाडी कुनासाठी थांबत न्हाई. सासऱ्यासाठी थांबली न्हाई माज्या. वळणापतोर मागं पळत आला बिचारा. तवापास्नं बोलत न्हाई."

आरतीच्या तोंडून मग जे निघालं त्याला खोटंही म्हणता आलं नसतं, कारण त्या हॉलमध्ये शिरणाऱ्या कुणालाही ते लागू होतं. "तुमचा सत्कार ठेवलाय."

सावळेरामांनी कप खाली ठेवला. "माजा? कशापायी?"

"आहुपे गाडीवर किती वर्षं झाली तुम्हाला?"

"एकोनीस."

"त्यापायीच."

सावळेरामांनी वळून गाडीकडे बघितलं. मग शर्टाची वरची गुंडी लावली. "साडेचारला मी सीटवर पायजे."

"अन् मी?" कंडक्टर म्हणाला.

"तुम्हीपण चला."

इथं आरतीचा हिशेब चुकला. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही गाडी सोडून चालायला लागले, तर स्टँडवरचा माणूस त्याचा एकच अर्थ लावतो : गाडी बदलली. एकतीस प्रवासी धडाधड खाली उतरले. पोती, तेलाचा डबा, एक पत्र्याची पेटी, एका म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडी. जागा धरायची म्हणून ते ड्रायव्हरच्याही पुढं पळाले, जिना चढले आणि हॉलमधल्या खुर्च्यांवर रुमाल टाकत सुटले. खिडकीजवळच्या खुर्च्या आधी गेल्या.

व्यासपीठावर मुथाशेठ हळूहळू उठून उभे राहिले. आठ वर्षांत आईच्या कार्यक्रमाला चार वाजता इतकी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. डोळे भरून आले त्यांचे.

"कल्पेश," ते म्हणाले, "खालून तीन डझन शाली आण."

आरती दाराच्या चौकटीला टेकली. सात अधिक एकतीस अधिक दोन. दोन-दोन शब्द. हे तिनं स्वतः चालत जाऊन आणलं होतं. प्रतिभाताईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढं धरली. त्यांना सगळंच परवडत होतं.

नव्या पाहुण्यांचा मान आधी, म्हणून सावळेरामांना शाल पांघरली, नारळ दिला, माईक दिला. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातात कुणी माईक दिला नव्हता. "मी ह्या लाइनीला लागलो तवा," त्यांनी सुरुवात केली, "डिंभ्याच्या पुढं रस्ता असा नव्हताच." हॉलमधली माणसं माना हलवू लागली. चार बावीस. रस्ता घोडेगावपर्यंत आला होता. चार चोवीस. डिंभ्याच्या धरणाशी टायर फुटला.

चार पंचवीसला साळुबाई उठल्या.

पण साळुबाई दाराकडे गेल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावून त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि सावळेरामांच्या मनगटावर बोट ठेवलं. "घड्याळ बघ."

सावळेरामांनी बघितलं. त्यांचा चेहराच बदलला. टायर तसाच फुटलेला ठेवून त्यांनी माईक खाली घेतला. तो साळुबाईंनी धरला.

"मी साळुबाई असवले, आहुप्याची. शेकरू मी काढलं. नाव वाचायचं तर आता वाचा. न्हाई वाचलं तरी मी जानार हाय. पन मंग त्या ग्रामस्थाला हुडका, अन् बक्षीस त्याला द्या."

हॉल चिडीचूप. कोंबडीसुद्धा.

"शेठ, हे क्रमात नाही," प्रतिभाताई गोड आवाजात म्हणाल्या. "पत्रिका तुम्ही देवापुढे ठेवलीत."

शेठनी पत्रिकेकडे बघितलं, मग आईच्या फोटोकडे. तेवढ्यात सावळेराम स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "आहुप्याचं पाशिंजर खाली चला!" एकतीस माणसं पोत्यांसकट उभी राहिली.

"थांबा!" शेठ म्हणाले. "असे मोकळ्या खांद्यानं नका जाऊ हो!"

"गाडी थांबत न्हाई, शेठ."

भरलेला हॉल शालीशिवाय दाराकडे सरकत होता. चार सत्तावीस.

"कल्पेश," शेठ शेवटी म्हणाले, "आहुपे गाडीचा एकत्रित सत्कार."

"आणि यादीतले सात?"

"तेही त्याच गाडीत."

कल्पेश शाल घेऊन धावला. सगळ्यात पुढं कोंबडीवाला म्हातारा होता. त्याचे दोन्ही हात अडकलेले, त्यात ढकलाढकली, आणि शाल पडली ती कोंबडीच्या अंगावर. फोटोग्राफरनं फोटो काढला. टाळ्या झाल्या. दोन शब्द कुणी मागितले नाहीत.

"सत्कार समारंभ संपला," कल्पेश माईकवर म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. त्यानं कागद उलटला. "चित्रांसाठीचा पुरस्कार. श्रीमती साळुबाई..." तो थांबला. ओळ हातानं लिहिलेली होती आणि घामानं फुटली होती. आरतीनं मान वर केली. साळुबाई हलल्या नाहीत.

"असवले," कल्पेश म्हणाला. "साळुबाई असवले. आहुपे."

साळुबाईंनी एका हातानं मानपत्र घेतलं, एका हातानं नारळ, आणि शेठ शालीची घडी उलगडेपर्यंत त्या जिना अर्धा उतरल्याही होत्या.

गाडी चार सदतीसला निघाली. सावळेराम शाल पांघरूनच चालवत होते. घोडेगाव मागे पडलं. मग साळुबाईंनी मानपत्र मांडीवर उलगडून धरलं.

"बाई, ह्यात मी कुठंशीक हाय?"

आरतीनं ओळीवर बोट ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

साळुबाईंनी डोळे बारीक केले. भिंतीवर नवं चित्र धरण्याआधी त्या अशाच बघायच्या. बोटानं एकेका अक्षराच्या कडेनं फिरल्या, मागं आल्या, परत फिरल्या. "हे मधलं गोल गोल बरं काढलंय. बाकी लई कोंबलंय एकात एक." त्यांनी हात पुढं केला. "पेन आना. नव्या पुस्तकात हे मीच काढून देनार. छापनाऱ्याच्या भरवशावर न्हाई सोडायचं."

आरतीनं लाल पेन दिलं आणि पत्रिकेची कोरी बाजू. गाडी घाटाला लागली होती, प्रत्येक वळणाला अक्षर एकीकडे झुकत होतं. साळुबाई ते खोडत नव्हत्या. दुसरं काढत होत्या.