उरलेला एक मणी

गुरुवारी ओडुमासे गावच्या मणीबाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रेषित ओफोरींनी कमरेला बांधायची माळ सोडून मणी टेबलावर ओतले होते. एक हजार नऊ मणी! बारा-बाराच्या ओळी लावा, एक उरतो. आठच्या लावा, एक उरतो. सहा, सात, नऊ, प्रेषित म्हणतील तशा लावा, एक मणी बाहेर उभाच.

"तो एक म्हणजे देव," प्रेषित म्हणायचे. "सैतानाला जी माळ भागता येत नाही, ती आजाराला काय भागता येणार?"

बाया ढसाढसा रडायच्या. या बाजारात माळा ओवतात आणि मोजतात त्या बारा नाहीतर आठच्या ओळींत, पूर्ण बसतील अशाच. न बसणारी माळ इथे कुणी जन्मात पाहिली नव्हती.

मणी ओवण्यात माकूचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने स्वतः तीनदा लावून पाहिलं, म्हणून तर ती फसली. तिच्या नऊ वर्षांच्या कोरकोरला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. माळ मुलीच्या कमरेला बांधायची आणि गोळ्या बंद, ही प्रेषितांची अट. एक गोळी पोटात गेली तरी देवाची संख्या भंगते म्हणे. माकूने गोळ्या गटारात टाकल्या.

अकराव्या दिवशी दुखण्याचा झटका आला. पोर गोळी मागत होती, आई तिला मणी मोजायला सांगत होती. चारशेच्या पुढे कोरकोरला मोजता आलं नाही.

तिला पुरून आल्यावर प्रेषितांचा निरोप आला, आईच्याच मनात शंका होती. हे मात्र माकूच्या जिव्हारी लागलं. माळ घेऊन ती शाळेत गणिताच्या तेईमास्तरांकडे गेली आणि माझं काय चुकलं ते सांगा म्हणाली. मास्तरांनी माळ सोडून मणी मोजले. मग म्हणाले, "पाच-पाचच्या ओळी लाव."

पुढच्या गुरुवारी तिने भर बाजारात, प्रेषितांच्याच टेबलावर, पाचच्या ओळी लावल्या. चार मणी उरले.

"देव चार कधी झाले?" तिने विचारलं.

तिच्यासोबत आलेल्या मास्तरांनी गर्दीला समजावलं. एक हजार आठला सहा, सात, आठ, नऊ, बारा, सगळ्यांनी भाग जातो. त्यात एक मणी वाढवला की एक उरणारच. पाचचं नाव प्रेषितांनी कधी काढलंच नाही. आणि एक हजार नऊ ही मूळ संख्या, तिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच पूर्ण भागत नाही. त्यात देवाचा हात नाही. एक हजार तेराही तशीच.

प्रेषितांना अचानक कोफोरिडुआ शहरातली प्रार्थनासभा आठवली आणि त्यांची गाडी निघून गेली. मग गर्दीतल्या एका बाईने हळूच विचारलं, "मास्तर, ती एक हजार तेराची माळ कुठे मिळेल?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. माकू त्या बाईजवळ गेली. बाईच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर होतं.

"एक हजार तेराच्या पुढे एक हजार एकोणीस आहे, मग एक हजार एकवीस आहे," माकू म्हणाली. "मास्तर सांगतात, असल्या संख्या संपतच नाहीत. माझी कोरकोर एकच होती. दवाखाना उघडा आहे, चल."