मे-फुलाचा दुखवटा

दाल्वाने कुंडी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक पान उलटून पाहिलं. पानं कसली, चपटी हिरवी पेरंच ती, एकाला एक जोडलेली. चांगली जाडजूड होती, तजेलदार होती, पण एप्रिल लागला तरी एकाही पेराच्या टोकाला कळीचा मागमूस नव्हता.

"दाजी, याही मेमध्ये फुललं नाही तर मी घेऊन जाईन हे झाड," ती म्हणाली. "आमच्या आईचं आहे. तुमच्याकडे ते ताईच्या आठवणीनं झुरतंय."

अदेल्मोने मान डोलावली. मेहुणीशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं.

झाड खरोखरच तिच्या आईचं. खोऱ्याच्या वरच्या जंगलात एक मोठा वृक्ष कोसळला तेव्हा त्याच्या बेचक्यातून म्हातारीने ते काढून आणलं होतं. मे-फूल म्हणत त्याला; निवडुंगाच्या जातीचं, पण काटा नाही, आणि उन्हापेक्षा सावली प्यारी. ते थोरल्या लेकीच्या, म्हणजे अदेल्मोच्या बायकोच्या, लेनिराच्या वाट्याला आलं आणि तिच्याकडे मे महिन्यात असं फुलायचं की कुंडी दिसेनाशी व्हायची. एकतीस मेला चर्चमध्ये लहान मुली मरियामातेला मुकुट चढवतात, त्या दिवशी मूर्तीच्या पायाशी लेनिराच्या गुलाबी फुलांची थाळी ठरलेली असे. लेनिरा गेल्याला आता अडीच वर्षं होऊन गेली होती. त्यानंतर दोन मे महिने कोरडे गेले आणि झाड मालकिणीचा दुखवटा पाळतंय, असं सगळी वस्ती म्हणू लागली.

अदेल्मोला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आवडलं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी कॉफीचा पेला घेऊन तो झाडासमोर बसायचा आणि त्याला वाटायचं, या घरात आपण दोघं आहोत, एकाच माणसासाठी हळहळणारे. आता झाड दाल्वाच्या घरी गेलं, तर हळहळायला तो एकटाच उरणार होता.

पण माणूस जन्माचा वायरमन. हळहळ आपल्या जागी आणि बिघाड आपल्या जागी. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. गेल्या वर्षी त्याने माती बदलली. मग कुंडी बदलली. मग पाणी निम्म्यावर आणलं. शेजारणीने सांगितलं म्हणून कॉफीचा चोथा घातला, पाववाल्याने सांगितलं म्हणून अंड्याच्या कवचांचं पाणी घातलं. कोणी तरी म्हणालं, झाडाला दरडावून बघ, तर त्याने दार लावून घेऊन तेही केलं. झाडावर ढिम्म परिणाम झाला नाही. मात्र नवी पेरं फुटत राहिली, आणि अदेल्मोला याचंच कुतूहल वाटे. ज्याला दुःख आहे त्याला इतकी भूक कशी लागते?

दाल्वा येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मार्लुसियाकडे गेला. वरच्या वाडीवर तिच्या शेवंतीच्या शेड होत्या, प्लास्टिकच्या छताच्या, लांबच लांब. ती रोपांना आधाराची जाळी बांधत होती. अदेल्मोने बाकावर बसून सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, चोथ्यासकट. दरडावल्याचं तेवढं गाळलं.

"ठेवलंय कुठे?" हातातलं काम न थांबवता मार्लुसियाने विचारलं.

"घरात. मानाच्या जागी. मरियामातेच्या मूर्तीशेजारी."

झाड घरात त्यानेच आणलं होतं, लेनिराला पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी. तिच्या हातचं झाड बाहेर कशाला, असं त्याला वाटलं होतं. वस्तीतल्या बायकांनीही ते बघून डोळे पुसले होते.

"आणि मूर्तीपुढे दिवा?"

"आहे ना. छोटा बल्ब. लेनिरा गेली तेव्हा लावला, तो अजून एक रात्रही विझू दिला नाही."

मार्लुसिया थांबली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बल्बची माळ टांगलेली होती.

"अदेल्मोकाका, ही माळ कोणी टांगली?"

"मीच की."

"कशाला?"

कशाला म्हणजे काय, हे तर खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रात्र लांब झाली हे शेवंतीला उमगलं की ती कळी धरते, आणि पृथ्वीच्या या दक्षिण अंगाला मार्चपासूनच रात्री लांबत जातात. बागायतदाराला मात्र मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, लोक कबरींवर फुलं वाहतात तेव्हा ऐन बाजारात फूल हवं असतं. म्हणून त्याच्या दोनेक महिने आधीपर्यंत रात्री उजेड ठेवायचा आणि झाडाला झुलवत ठेवायचं. अदेल्मोने हे सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. खोऱ्यातल्या निम्म्या शेडमधल्या माळा त्याने स्वतःच्या हाताने टांगल्या होत्या.

मार्लुसिया इतकी हसली की तिला जाळी सोडून द्यावी लागली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, हेही शेवंतीसारखंच; उशीर झालाय खरा, पण आजपासून अंधार दिलात तर जूनमध्ये फुलेल.

घरी येईपर्यंत अदेल्मोला स्वतःचं हसू येत होतं. दार उघडलं आणि ते मावळलं. बल्ब जळत होता, शेजारी झाड होतं, हिरवंगार, चांगलं पोसलेलं. झाडाला काही दुःख नव्हतं. कधीच नव्हतं. दिवस मावळत नाही की रात्र होत नाही एवढंच काय ते त्याचं कोडं, आणि ते कोडं त्यानेच घातलेलं. म्हणजे अडीच वर्षं या घरात आपण एकटेच रडत होतो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याला झाडाचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

लेनिराने तरी कुठे त्याचे लाड केले होते? मागच्या अंगणात कपडे धुवायच्या टाकीच्या कठड्यावर ते वर्षानुवर्षं पडलेलं असायचं. साबणाचे शिंतोडे उडायचे. संध्याकाळ झाली की तिकडे मिट्ट अंधार, कारण तिथला दिवा दुरुस्त कर म्हणून ती वीस वर्षं सांगत होती आणि वायरमनच्या घरी ते काम कधी झालंच नाही.

झाड आहे तिथेच राहू द्यावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मे संपेपर्यंत तरी ते त्याच्या सोबतीने दुःखात राहिलं असतं. पण बिघाड सापडल्यावर तो तसाच सोडून जाणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. दिवस मावळायच्या आत त्याने कुंडी उचलली आणि मागच्या कठड्यावर नेऊन ठेवली. आत मूर्तीशेजारची जागा रिकामी दिसत होती. बल्ब त्याने जळता ठेवला.

एकतीस मेला दुपारी दाल्वा चर्चला जाता जाता आली. येताना मक्याच्या पिठाचा केक आणि झाड न्यायला एक खोकं घेऊन आली. मूर्तीशेजारी झाड दिसेना, तेव्हा अदेल्मो तिला मागच्या अंगणात घेऊन गेला.

फूल एकही उमललं नव्हतं. पण प्रत्येक पेराच्या टोकाला शेंगदाण्याएवढी कळी होती, आणि कळीच्या तोंडाशी गुलाबी रंग दिसत होता. दाल्वाने खोकं खाली ठेवलं.

अदेल्मोने सगळं सांगायची तयारी केली होती. बल्ब, शेवंती, मार्लुसियाचं हसणं, कठड्यावरचा अंधार. इतका छान सापडलेला बिघाड होता की कोणाला तरी सांगायला तो आठ आठवडे अधीर झाला होता.

दाल्वाने एका कळीला बोट लावलं.

"संपला का हो, दाजी, याचा दुखवटा?"

अडीच वर्षं हीसुद्धा याच झाडाच्या भरवशावर होती, हे अदेल्मोला माहीतच नव्हतं.

"याचा संपला," तो म्हणाला.

दाल्वाने बाहीने डोळे टिपले. मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, कळ्या धरलेलं झाड हलवू नये, गळतात; राहू दे इथेच. वर चर्चची घंटा सुरू झाली. अदेल्मोने घरात जाऊन कोट चढवला, दाराला कडी घातली, आणि थाळी न घेता ते दोघं रिकाम्या हातांनी चढाला लागले.