शोभाबाईंचा हात

रुचिकाने लॅपटॉप एका तळहातावर तोलून पाहिला आणि नवऱ्याकडे बघितले.

"हा तं पर्समधी बी बसते," ती म्हणाली.

नीलेशने लगेच मान हलवली. शोभाबाई दुकानातल्या स्टुलावर बसून बघत होत्या. आपल्या कुठल्या बोलण्यावर नीलेशच्या वडिलांनी इतक्या झटकन मान हलवली होती, ते त्यांना आठवेना.

२००७ चा मार्च होता. हिंगणघाटहून तिघे सकाळच्या एसटीने वर्ध्याला आले होते. लग्नाचे फोटो मांडवातच दुरुस्त करून पाहुण्यांना दाखवायचे, तर घरच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर उचलून नेता येत नाही, हलकाच लॅपटॉप हवा, असे रुचिकाचे म्हणणे होते. आईला कशाला न्यायचे, असे नीलेशचे. "आईले काय समजते त्यातलं," असे तो आदल्या दिवशी बायकोला म्हणाला. ते स्वयंपाकघरात ऐकू आले, आणि सकाळी शोभाबाई सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या.

नवरा होता तोवर स्टुडिओतले रिटचिंग त्यांच्याकडे होते. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, आणि पॉलिशपेपरवर सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण आणि डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढायच्या. एका चेहऱ्याला अर्धी सकाळ जाई. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा असला की, शोभाबाईंचा हात लागला पाहिजे, असे आया सांगून जात. आता त्याच आया दुकानात आल्या की सूनबाई कुठे आहेत, असे विचारत. रुचिका एक व्रण तीन मिनिटांत पुसत असे. शोभाबाईंनी घड्याळात पाहिले होते. तिरपी काच माळ्यावर गेली होती.

दुकानदाराने एक जाड आणि एक हलका असे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकाच नवरीचा फोटो उघडला. हलक्याचे झाकण त्याने बोटभर मागे केले, तशी नवरी गोरी झाली. पुढे केले, तशी काळवंडली. जाड लॅपटॉपवरची नवरी होती तशीच राहिली. शोभाबाई वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. रुचिका तेव्हा हलक्या लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून बघत होती.

"मावशी, तुमाले कोणता बरा वाटते?" दुकानदाराने विचारले.

"मले काय समजते त्यातलं," शोभाबाई म्हणाल्या.

नीलेशने मान खाली घातली. हलका लॅपटॉप घेऊन तिघे दुपारच्या गाडीने परतले.

एप्रिलमध्ये वडनेरच्या मधुकररावांकडे मुलीचे लग्न होते. जेवणे आटोपल्यावर रुचिका मांडवात खुर्चीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन झाकण मागे रेलले, आणि बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. पडद्यावर नवरी फारच गोरी दिसत होती, म्हणून रुचिका एकेक फोटो गडद करत गेली. शोभाबाई शेजारीच होत्या. जरा सरकता का, दिसत नाही, असे त्यांना दोघींनी सांगितले. त्या सरकल्या.

नागपूरहून छापून आलेला अल्बम मधुकररावांनी स्टुडिओच्या काउंटरवरच उघडला. चार पाने उलटली.

"पोरगी आमची गोरी नाई, मले मालूम हाय," ते म्हणाले. "पण एवढी काळी बी नाई ना बाप्पा." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. "शोभाबाई, तुमचा हात नाई लागला वाटते याले."

इतके दिवस शोभाबाई याच वाक्याची वाट पाहत होत्या. त्यांनी मधुकररावांना चहा दिला. चहात साखर टाकायची राहिली होती, हे त्यांना ते गेल्यावर कळले.

सगळे पुन्हा छापून देण्याचे रुचिकाने कबूल केले होते. ती लॅपटॉप उघडून बसली. एका हाताखाली अल्बम होता. पडद्यावरची नवरी गव्हाळ दिसत होती, अल्बममधली काळी.

"आई, दुकानात तुमी वाकून वाकून पाह्यत होत्या," ती मान वर न करता म्हणाली. "तुमाले दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"दुकानदारानं इचारलं मले. तुमी दोघायनं नाई इचारलं."

 रुचिकाने आपली खुर्ची बाजूला ओढली आणि शोभाबाईंसाठी जागा केली.

शोभाबाईंनी तिला कॅमेरा आणायला लावला. खिडकीच्या उजेडात स्वतःचा हात धरला आणि त्याचा फोटो काढायला सांगितले. तो काही न बदलता नागपूरला छापायला दिला आणि छापून आल्यावर त्यांनी खऱ्या हाताशेजारी धरला. रंग जुळला. मग पडद्यावर तोच फोटो उघडून त्यांनी आपला हात पडद्याशेजारी धरला आणि दुसऱ्या हाताने झाकण मागेपुढे केले. पडद्यावरचा हात पांढरा पडला, काळा झाला, पुन्हा पांढरा पडला. एका जागी दोन्ही हात सारखे दिसले. शिरा, सुरकुत्या, पोळल्याचा जुना डाग.

"अथीसा," त्या झाकण तिथेच थांबवून म्हणाल्या. "याच्या मांगं नेजो नको. न् खुर्ची बी हेच ठेवजो."

टेबल भिंतीला लागून होते. शोभाबाईंनी आपल्या जुन्या डब्यातून रिटचिंगची पेन्सिल काढली आणि झाकणाच्या कडेने भिंतीवर तिरपी रेघ ओढली. चुन्यावर ती नीट उमटेना, म्हणून दोनदा गिरवली.

रुचिका खुर्चीवर बसली, झाकण रेघेला लावले आणि मधुकररावांच्या मुलीचे पहिले पान उघडले. शोभाबाई थोडा वेळ मागे उभ्या राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल पाहिली. टोक पार झिजले होते. पॉलिशपेपर त्याच डब्यात होता. त्यांनी पेन्सिल तशीच आत ठेवली आणि डब्याचे झाकण लावले.