डोकी आपटायचा पगार

हे लिहायचंच नव्हतं वैभवला. संघर्षची गोष्ट संघर्षपाशीच राहू दे, असं वाटत होतं. पण राहवलं नाही.

परळच्या मैदानात, कबड्डीच्या मॅटच्या कडेला बसून तो आपल्या दोस्ताच्या, संघर्षच्या डोक्यामागे रुमालातला बर्फ धरून होता. सरावात पकड झाली आणि संघर्ष मागच्या मागे आपटला. गणपतीनंतर हे तिसऱ्यांदा.

"हळू धर ना. हेल्मेट नाय ते."

वैभव हेल्मेट तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लोखंडी डोक्यावर हेल्मेट चढवायचं, वरून सोडायचं, आत धक्का किती पोचला ते बघायचं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, बाहेरून कितीही नवं दिसो. पुन्हापुन्हा आपटणाऱ्या डोक्यांचं काय होतं, त्यावरचं संशोधन हल्ली तो जेवताना मोबाईलवर वाचायचा. भात गार व्हायचा.

"आई काय म्हणाली माहितीय?" संघर्ष म्हणाला. "वैभवला डोकी आपटायचा पगार मिळतो, मग आमचाच येडा फुकट का आपटतो?"

वैभवने हसत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पलीकडे कोच गुणाजीमामा पोरांना झापत होते. उद्या फायनल. एका कंपनीच्या टीमचे लोक बघायला येणार होते. संघर्ष खेळला तर नोकरी जवळजवळ हातात.

"मामांना बोलू नको हा. चक्कर बिक्कर काय नाय."

बर्फाचं पाणी वैभवच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्याने रुमाल पिळला, परत धरला.

"अरे, आई काय म्हणाली माहितीय? वैभवला डोकी आपटायचा पगार मिळतो, मग आमचाच येडा…"

वैभव हसला. मघापेक्षा मोठ्याने.

संघर्ष त्याच्याकडे बघत राहिला.

"मघाशी सांगितलं का मी हे?"

"नाय रे."

"खोटं. हसलास की मारतोस तू. आता हात आवरलास."

वैभवने बर्फ खाली ठेवला. उठला.

"मामांना सांगतोय मी."

"वैभ्या, नोकरी जाईल."

"माहितीय."

"मग उद्या मी काय करू? बाहेर बसून शेंगदाणे खाऊ?"

"मी येतो ना. दोघं खाऊ." वैभव पुन्हा त्याच्यासमोर उकिडवा बसला. "आणि शब्द देतो तुला. परत तेच सांगितलंस ना, तर तोंडावर सांगेन, ऐकलंय म्हणून. खोटं नाय हसणार."