बाबलीचा थंड सूर्य

"तोंड जरा माझ्याकडे करा, अतहरभाय," बाबली म्हणाला, आणि मग आठवण होऊन त्याने स्वतःच हलक्या हाताने त्यांची हनुवटी वळवली.

गिऱ्हाईक चांगलं असलं की न्हाव्याला अर्धंच काम करावं लागतं. वस्तरा गालावर आला की ते आपणहून गाल फुगवतं, नाकाखाली आला की ओठ आत घेतं. अतहरभाय तसे गिऱ्हाईक होते. आता त्यांची उजवी बाजू ढिली पडली होती आणि तिकडचा गाल बाबलीला अंगठ्याने ताणून धरावा लागत होता. दाढी त्यांनी कधी राखली नाही. जहाजाच्या इंजिनखोलीत दाढीला तेल लागतं म्हणून जवानीत काढली, ती निवृत्त होऊन शिरोड्याला परतल्यावरही दर शुक्रवारी, नमाजाच्या आधी, बाबलीच्या सलूनमध्ये येऊन काढत राहिले. आजारपणानंतर बाबलीच वस्तरा-कात्रीची धोकटी घेऊन त्यांच्या पडवीत येऊ लागला होता.

सून तुबा दाराशी उभी होती. नवरा कुवेतला, त्यामुळे सासऱ्यांचं सगळं तिच्याच अंगावर.

"बाबलीकाका, दाढी करता करता बोलत रवा तेंच्यावांगडा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, बोलणा गेला नाय, भुतूर आडाकला. कोणीतरी भायर काढूक होया."

"हॉस्पिटलातल्या बाईन ती चित्रां दिली आसत मां? ती दाखय."

"दाखयलंय. केळ्याचा चित्र धरलंय आणि इचारलंय, अब्बा, ह्या काय? भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस माझ्याकडे बघूक नाय."

बाबलीला त्यात नवल वाटलं नाही. सात समुद्रांवर इंजिनं चालवलेल्या माणसाला केळं दाखवून हे काय म्हणून विचारायचं, म्हणजे तो भिंतीकडेच बघणार.

अतहरभाय बोलायचे तेव्हा कशावर बोलायचे, हे शिरोड्याच्या बाजारात कुणालाही विचारा. ते सूर्यावर बोलायचे. सूर्य कसा झाला, कशावर जळतो, पृथ्वी त्यातून निघाली की वेगळी झाली. आणि त्यांच्यासमोर बाकड्यावर असायचा बाळा वायरमन. हा बाबलीचा शाळेपासूनचा सोबती. वीज मंडळात खांबांवर चढण्यात आयुष्य गेलं, आणि खाली उतरल्यावर त्याने गावच्या वाचनालयातली विज्ञानाची कपाटं रिकामी करायला घेतली. शुक्रवारी दाढी वाढलेली असो नसो, बाळा सलूनमध्ये हजर. घरी बायकोला सांगायचा की केस कापायला जातो. त्याच्या डोक्यावर केस किती होते ते तिलाही दिसत होतं, पण बिचारी काही बोलायची नाही.

बाळाचं म्हणणं ढगाचं. आधी नुसता धुळीचा आणि वायूचा प्रचंड ढग होता, तो फिरायला लागला, आकसत गेला, मधे गोळा झाला तो सूर्य, आणि कडेला उरलेल्या गाळाचे ग्रह. हे सिद्ध करायला त्याने एकदा सलूनच्या ग्लासात पाणी घेतलं, शेजारच्या हॉटेलातून चहाची पूड मागून आणून त्यात टाकली आणि चमच्याने गरागरा ढवळलं. पूड फिरत फिरत ग्लासाच्या तळाशी बरोबर मधे येऊन बसली.

"बघितलास? मधे जमलो तो सूर्य!"

अतहरभाय तोंडाला फेस असतानाच म्हणाले, "आणि चमचो कोणाचो?"

"चमचो नाय थय! आपोआप फिराक लागता!"

"आपोआप माझ्या इंजिनाचो एक बोल्टसुदीक कधी फिराक नाय."

अतहरभायंचं म्हणणं भट्टीचं. जाळ म्हटला की जळण आलंच. तारे तुटून पडतात ते सूर्याच्या तोंडात पडतात, ते त्याचं जळण. आणि भट्टीतली राख जशी बाहेर ओढून टाकतात, तसे हे ग्रह बाहेर टाकलेले. "तू आणि मी राखेर बसलांव, बाळा," असं ते मोठ्या समाधानाने सांगायचे. मग बाळा हायड्रोजनवर यायचा, अतहरभाय त्याला हायड्रोजनची टाकी कुठे आहे ते विचारायचे, आणि बाहेर उभी असलेली गिऱ्हाइकं आत येऊन नंबर नसताना बसून राहायची.

या सगळ्यात बाबलीचं मत काय? तर काहीच नाही. त्याच्या बापाने त्याला वस्तरा हातात देताना एवढंच शिकवलं होतं की खुर्चीत बसला आहे तोपर्यंत गिऱ्हाइकाचं बरोबर. तेव्हा अतहरभाय खुर्चीत असले की सूर्य भट्टी असायचा, आणि बाळा बसला की ढग. दोघांनाही बाबली मनापासून मान डोलवायचा. दोघंही त्याला आपल्या बाजूचा समजायचे, किंवा खरं सांगायचं तर कुणीच त्याला मोजत नव्हतं. त्यालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. बाळाला काय झालं होतं कोण जाणे, घरून भांडून आला असेल. चमच्यावरून टोला बसताच तो उसळून म्हणाला, "जल्मभर इंजिनाक तेल पाजलास तुमी, तुमका आकाशातला काय कळतला?" अतहरभाय उठले, तुरटी फिरवायलाही थांबले नाहीत आणि टॉवेलने तोंड पुसून निघून गेले. त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी ते न्हाणीघरात पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली.

बाळा भेटायला गेला नाही.

बाबली त्याच्या घरी गेला तेव्हा बाळा पडवीत बसून बिघडलेला मिक्सर उघडत होता. "चल रे माझ्यावांगडा," बाबली म्हणाला. "तुका बघून तेंका बरा वाटात."

"खंयच्या तोंडान येव?"

"बोलण्यान काय कोणाक पक्षाघात जाता? डॉक्टरान सांगल्यान, बीपीची गोळी चुकवली तेंनी."

बाळाने स्क्रू काढला, परत बसवला. "आणि येऊन काय करू? मी बोलतलंय, आणि ते नुसते माझ्याकडे बघीत रवतले? माका ता बघवाचा नाय, बाबल्या. तेंनी माका गाळी घातली तरी चलात. पण गप रवलेले माका सोसाचे नाय."

बाबली परत फिरला. रस्त्यात त्याला मित्राचा राग आला आणि कीवही आली.

तर आज, पडवीत, तुबाने बोलत राहायला सांगितल्यावर, बाबलीने पहिल्यांदा बाळाची बाजू मांडून पाहिली. ढग, आकसणं, गाळ. त्यात हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन शिरला, पण अतहरभायंचा डोळा हलला नाही. मग त्याने त्यांचीच बाजू घेतली. "तुमचा बरोबर होता, अतहरभाय. जळणाशिवाय भट्टी नाय." तरी ते छताच्या वाशांकडे बघत राहिले. खोटं खोटं पटलेलं माणसाला कळतं. बाबलीने फेस पुन्हा लावला, नको असताना. हा माणूस असाच वर बघत बघत एक दिवस संपून जाणार असं त्याच्या मनात आलं.

आणि मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्याने वस्तरा खाली ठेवला.

"अतहरभाय, माझा एक म्हणणा आसा. आजून कोणाक सांगूक नाय, सुगंधाक पण नाय." सुगंधा म्हणजे त्याची बायको. "माका वाटता, सूर्य थंड आसा."

छताकडे गेलेले डोळे तिथेच राहिले.

"जवान होतंय तेव्हा आंबोलेक लग्नाक गेल्लंय. भर दुपार, डोक्यार ऊन, आणि माका हुडहुडी भरली. तेव्हापासून माझ्या डोक्यात आसा. आंबोली डोंगरार. म्हणजे आपल्यापेक्षा सूर्याच्या जवळ. तो गरम असतो तर आंबोलेची माणसां भाजून निघाली नसती? जवळ गेल्यार थंड लागता, मगे तो गरम कसो?" बाबलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आता थांबणं जमत नव्हतं. "माझो वस्तरो थंड, धार लावचो चामड्याचो पट्टो थंड. पट्ट्यार घासलंय काय दोनय तापतत. तसोच तो उजेड. थयसून थंडच येता. हय जमनीर घासता, मगे तापता."

अतहरभायंचे डोळे खाली आले. ते बाबलीवर स्थिरावले. डावी भुवई वर चढली, ढिला ओठ थरथरला आणि घशातून काहीतरी घरंगळत आलं.

"गा…"

बाबली हातातला टॉवेल धरून तसाच उभा राहिला.

"गा…ढव."

"अब्बा!" तुबा आतून धावत आली. "काय म्हटलास? परत म्हणा!"

अतहरभायंनी परत म्हटलं, आणि या वेळी कुणाला म्हणतायत ते नीट कळावं म्हणून डाव्या हाताचं बोट बाबलीकडे केलं. तुबा रडत रडत हसत होती. बाबलीच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. आयुष्यात कुणी गाढव म्हटल्यावर त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी बाजारात, मासळीची पिशवी घेऊन निघालेल्या बाळाला त्याने गाठलं आणि आपलं म्हणणं त्यालाही सांगितलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" बाळा रस्त्यातच ओरडला. "सूर्य थंड? आंबोलेमुळे? आणि ह्या तू अतहरभायंका सांगलंस?"

"सांगलंय."

"आणि ते काय म्हणाले?"

"गाढव म्हणाले."

बाळा बंद दुकानाच्या पायरीवर खाली बसला. पिशवीतलं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "बोलले?" त्याने विचारलं. बाबलीने होकारार्थी मान हलवली. बाळाने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि मग त्याच्यातला वायरमन जागा झाला.

"पण गाढव कित्याक, ता तेंका सगळा सांगूक येवचा नाय रे. ता कोण सांगतलो?"

पुढच्या शुक्रवारी बाळा बाबलीबरोबर अतहरभायंकडे आला. तोपर्यंत त्याने बाबलीचा सिद्धांत अख्ख्या बाजाराला ऐकवला होता. सलूनमध्ये येणारा जो तो विचारत होता, "काय बाबली, सूर्यार जावचा तर स्वेटर घालूक होयो?" बाबली हसून कात्री चालवत होता, पण आरशातल्या स्वतःकडे बघत नव्हता. कारण गंमत म्हणून सांगितलेलं ते नव्हतं. आंबोलीच्या त्या दुपारपासून ते त्याचं स्वतःचं होतं, आणि एवढ्या मोठ्या सूर्याबद्दल आपल्यालाही काहीतरी सुचलं आहे याचा त्याला आतून अभिमान होता.

बाळा पडवीच्या पायऱ्यांशी घोटाळला. अतहरभाय खुर्चीत टेकून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाळाचं तोंड माफी मागायला उघडलं, तेवढ्यात अतहरभायंनी डाव्या हाताने बाबलीकडे बोट केलं आणि तेच बोट स्वतःच्या कपाळावर आपटलं. बाळा फस्सकन हसला आणि वर येऊन त्यांच्या बाजूला बसला. इतकी वर्षं समोरासमोर बसणारी ही माणसं पहिल्यांदाच एका बाजूला बसली होती.

मग दोघांनी मिळून बाबलीला फैलावर घेतलं.

"मुंबैक जावक निघालंस," बाळा म्हणाला, "आणि उंबऱ्याभायर एक पाऊल टाकलंस, तर मुंबै जवळ इली म्हणशीत?"

"लां…ब," अतहरभाय म्हणाले. "लय… लांब."

"आंबोली म्हणजे ता एक पाऊल. हवा विरळ म्हणून थय थंडी!"

मग अतहरभायंनी हात वर करून बाळाला थांबवलं. त्यांना स्वतःला काहीतरी सांगायचं होतं. "बा…" ते म्हणाले, आणि अडले. बाळाचे ओठ पुढचा शब्द द्यायला हलले, पण तुबाने त्याचा दंड धरला. "बाय…लर. दार… उघ…" डावा पंजा त्यांनी आपल्या चेहऱ्यासमोर धरला आणि भाजल्यासारखा झटकन मागे घेतला. मग बोटाने दाखवलं, दार तिकडे आणि मी इकडे. मधे घासायला काही नाही, तरी इथवर चटका. एवढं सांगायला त्यांना केवढा तरी वेळ लागला. कपाळ घामाने डवरलं, पण डोळे इंजिनखोलीत उभे होते.

बाबलीला ते लख्ख समजलं. अगदी साधं होतं. आंबोली म्हणजे उंबऱ्याबाहेरचं एक पाऊल, आणि चटका लागायला घासावं लागत नाही. त्याचा सूर्य त्या पडवीतच विझला, आणि त्याला घरातलं मोठं माणूस गेल्यासारखं वाटलं.

"पटला मां?" बाळाने विचारलं.

अतहरभाय पुढे झुकले होते. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली होती ती पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बाबलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग तुबाकडे. हो म्हटलं की संपलं. बाळा विजयी होऊन घरी जाईल, आणि उद्यापासून या माणसासमोर पुन्हा केळ्याचं चित्र.

"नाय," बाबली म्हणाला. "माका काय पटूक नाय. सूर्य थंडच आसा."

बाळाने कपाळावर हात मारला. अतहरभायंनी एक दीर्घ श्वास घेतला, डावा पंजा पुन्हा तोंडासमोर आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाबली समोरच्या पाटावर मांडी घालून बसला आणि काही न कळणाऱ्या माणसाचा चेहरा करून ऐकू लागला.